आवाज का फाटतो?

‘आवाज फाटतोय’ हे वाक्य लालबाग-परळ भागात वाढलेल्या कोणालाही नवीन नाही. गणपतीचा मांडव असो, सत्यनारायणाची पूजा असो की हळदीचा कार्यक्रम असो. लाऊडस्पीकर लागला की थोड्याच वेळात कोणीतरी हे वाक्य उच्चारतो. लागलीच दुसरा कोणी पुढे होऊन एखादे बटण डावीकडे-उजवीकडे फिरवितो. आवाज फाटतच राहतो आणि हळूहळू सगळ्यांच्या कानांना त्याची सवय होते. परंतु आवाज फाटतो म्हणजे नेमके काय होते आणि तो कशामुळे फाटतो हे शोधायचे कसे, ह्याचा विचार सहसा कोणी करीत नाही. मीही केला नव्हता. मी कला शाखेचा विद्यार्थी. शाळा सुटल्यापासून विजेशी माझा संबंध आला तो वीजबिल भरण्यापुरताच. असे असूनही ह्या विषयावर लिहिण्याचे धाडस करीत आहे, त्याला कारण आमचे आजोबा आणि त्यांची स्टील गिटार.

आजोबांना घरात आणि चाळीत सगळे अण्णा म्हणतात. ते परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. दिवसाची पाळी करून रात्री एका ऑर्केस्ट्रात ते स्टील गिटार वाजवीत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि हजारो कामगारांप्रमाणे अण्णांचीही नोकरी गेली ती कायमची. त्या दिवसांत घरात जे चार पैसे आले, त्यांत ह्या गिटारीच्या बिदागीचा वाटा होता, असे आजी अजूनही सांगते.

ज्यांनी हे वाद्य पाहिलेले नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. नेहमीची गिटार छातीशी धरून वाजवितात. स्टील गिटार मांडीवर आडवी ठेवतात. तिच्या तारा लाकडापासून बऱ्याच वर उचललेल्या असतात. डाव्या हाताने तारा दाबायच्या नाहीत. हातातली गुळगुळीत पोलादी कांडी तारांवर टेकवून सरकवीत न्यायची आणि उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तारा छेडायच्या. एका सुरावरून दुसऱ्या सुरावर अखंड जाता येत असल्यामुळे ह्या वाद्याला मींड साधते. १८८५ च्या सुमारास हवाई बेटांतील जोसेफ केकुकू नावाच्या शाळकरी मुलाने ही रीत प्रथम शोधली असे सांगतात. म्हणून आपल्याकडे ह्या वाद्याला ‘हवाईयन गिटार’ हेच नाव रूढ झाले. विजेच्या गिटारीचा इतिहासही इथूनच सुरू होतो. अमेरिकेत रिकनबॅकर ह्यांच्या कारखान्यातून १९३२ साली बाजारात आलेली विजेची गिटार ही मांडीवर ठेवून वाजवायची स्टील गिटारच होती. तिच्या आकारावरून तिला ‘फ्राइंग पॅन’, म्हणजे तळणीचा तवा, असे नाव पडले.

आपल्याकडे व्हॅन शिप्ली, हजारासिंग, कोलकात्याचे सुनील गांगुली ह्या वादकांनी हिंदी चित्रपटगीतांच्या चाली ह्या वाद्यावर वाजविल्या आणि त्यांच्या ध्वनिमुद्रिका घरोघरी पोचल्या. पंडित ब्रिजभूषण काबरा ह्यांनी हेच वाद्य रागसंगीतात आणले. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया ह्यांच्याबरोबरची त्यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही १९६७ सालची ध्वनिमुद्रिका आजही ऐकली जाते. पुढे विश्वमोहन भट्ट ह्यांनी ह्या गिटारीत बदल करून मोहनवीणा घडविली आणि १९९४ साली त्यांना ग्रॅमी पुरस्कार मिळाला. अण्णांचे नाव अर्थातच ह्या यादीत कुठेही नाही. परंतु गिरणगावातल्या गच्च्यांवर आणि मैदानांत ज्या शेकडो ऑर्केस्ट्रांनी त्याच चाली वाजविल्या, त्यांतल्या एकात ते होते.

परळच्या एका रेडिओ दुरुस्ती करणाऱ्याने अण्णांना व्हॉल्व्हचा एक अ‍ॅम्प्लिफायर बनवून दिला होता. २६ जुलै २००५ च्या प्रलयात तळमजल्यावरच्या आमच्या खोलीत कमरेपर्यंत पाणी शिरले, त्यात तो गेला. गिटार माळ्यावर होती म्हणून वाचली. त्यानंतर अण्णा गिटार वाजवीत ते घरातल्या घरात, आणि अगदी बारीक आवाजात. गेल्या कोजागिरीला मात्र आम्ही मुलांनी हट्ट धरला. गच्चीवर दुधाची कढई चढली, मंडळाचा अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर वर नेला आणि अण्णांची गिटार त्याला जोडली.

पहिल्या सुरापासून आवाज फाटला. एक तार छेडली की खरखर आणि दोन तारा एकत्र छेडल्या की नुसती गुरगुर. मंडळाच्या एका कार्यकर्त्याने आवाज कमी केला. तरी तो फाटतच होता, फक्त हळू फाटत होता. दोन गाणी झाल्यावर कोणीतरी म्हणाले, “अण्णा, आता पुरे. आपण मोबाईलवर गाणी लावू.” लागलीच मोबाईल जोडला गेला. गाणे स्वच्छ वाजले. म्हणजे यंत्र ठीक आहे. दोष अण्णांच्या हाताचा, असा निकाल न बोलता लागला. अण्णांनीही तो मान्य केला. “हात गेला माझा,” एवढेच म्हणून त्यांनी कांडी रुमालात गुंडाळली. दुसऱ्या दिवशी गिटार माळ्यावर गेली.

मला त्या निकालात काहीतरी खटकत होते, पण काय ते सांगता येत नव्हते. ते शोधताना मला जे समजले, ते ह्या लेखात क्रमाने मांडतो.

आवाज फाटतो म्हणजे काय? तार हलते तेव्हा तिच्या खालच्या लोहचुंबकावर गुंडाळलेल्या, केसाहून बारीक तारेच्या वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. ही वीज तारेच्या कंपनाबरोबर वर-खाली होते. कागदावर काढली तर ती गोल माथ्याच्या लाटांसारखी दिसेल. अ‍ॅम्प्लिफायरचे काम एवढेच की ह्या लाटेचा आकार तोच ठेवून तिची उंची वाढवायची. परंतु उंची वाढविण्याला मर्यादा आहे. अ‍ॅम्प्लिफायरला आतून जेवढ्या व्होल्टचा पुरवठा असतो, त्याच्या वर लाट जाऊ शकत नाही. चाळीतल्या पोटमाळ्यावर ज्याने झोप काढली आहे त्याला हे लगेच कळेल. बसल्या जागी काही अडचण नसते; ताठ उभे राहिलात की डोके छताला आपटते. लाटेचेही तसेच होते. वरचा गोल माथा सपाट कापला जातो. माथा कापलेली लाट म्हणजे मूळ सुरात नसलेल्या अनेक बारीक सुरांची भर. आपल्या कानाला ती खरखर म्हणून ऐकू येते. आवाज फाटणे म्हणतात ते हेच.

आता एक शंका येईल. परदेशात १९६० नंतर कित्येक गिटारवादकांनी हा फाटका आवाज मुद्दाम वापरला. मग स्टील गिटारलाच त्याचे वावडे का? त्याचे उत्तर गणितात आहे. एकच तार वाजत असली तर भर पडलेले सूर मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असतात. म्हणजे त्याच घराण्यातले असतात. पण दोन तारा एकत्र वाजल्या की त्यांच्या बेरजा आणि वजाबाक्यांचे सूरही उमटतात. समजा, एक तार सेकंदाला ३०० वेळा हलते आणि दुसरी ३६० वेळा. फाटलेल्या आवाजात ६०, २४०, ४२०, ६६० असे न बोलाविलेले पाहुणे हजर होतात. स्टील गिटारचे सारे सौंदर्य दोन-तीन तारा एकत्र छेडून सूर लांबविण्यात आणि कांडी सरकविण्यात आहे. कांडी सरकली की हे पाहुणेही तिच्याबरोबर वेडेवाकडे सरकतात. ह्यालाच आम्ही कोजागिरीला गुरगुर म्हणत होतो. म्हणून ह्या वाद्याला असा अ‍ॅम्प्लिफायर लागतो, की ज्याचे छत वादकाच्या उंचीहून बरेच वर आहे.

ह्यातून एक गोष्ट मला प्रथमच स्पष्ट झाली. वादकाचा हात कापला तर कांडी थरथरेल आणि सूर थोडा वर-खाली होईल. परंतु थरथरणाऱ्या हाताने लाटेचा माथा कापला जात नाही. हात कापला तर सूर हलतो. सूर फाटत नाही. तेव्हा कोजागिरीचा निकाल चुकीचा होता. दोष गिटारीच्या पुढे कुठेतरी होता. पण कुठे?

ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आताच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, विद्युत सामानाची दुकाने ओळीने आहेत. तिथल्या एका बोळातल्या दुरुस्तीच्या दुकानात मी शनिवारच्या दुपारी जाऊन बसू लागलो. दुकानाचे काका साठीचे आहेत. त्यांनी मला पहिला नियम सांगितला तो असा : “पेटी शेवटी उघडायची. आधी ऐकायचे.” कारण फाटक्या आवाजाचे प्रकार असतात आणि प्रत्येक प्रकार आपापल्या कारणाकडे बोट दाखवितो. ते प्रकार मी वहीत उतरवून घेतले.

जोरात छेडल्यावरच आवाज फाटत असेल आणि बटण कमी केल्यावर साफ होत असेल, तर अ‍ॅम्प्लिफायरची शक्ती अपुरी पडते आहे. बटण कमी करूनही आवाज हळू पण फाटकाच राहत असेल, तर लाट बटणाच्या आधीच, अगदी पहिल्या टप्प्यात कापली जात आहे. उलट हळू वाजविताना खरखर आणि जोरात वाजविताना साफ, असे असेल तर आतल्या ट्रान्झिस्टरांच्या जोडीचा मेळ बिघडला आहे. लाटेचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर सांभाळतो व खालचा दुसरा, आणि दोघांच्या सांध्यावर खाच पडते. आवाजाबरोबर सतत ‘हूं’ असा घुमारा असेल, तर विजेचा प्रवाह सपाट करणारे मोठे कंडेन्सर सुकले आहेत. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असते. यंत्रात तिची १०० होतात आणि तोच घुमारा सुरात मिसळतो. अर्ध्या तासाने, यंत्र तापल्यावर आवाज बिघडत असेल तर कुठेतरी डाख सुटला आहे किंवा एखादा भाग उष्णतेने दगा देत आहे. बटण फिरविताना चरचर झाली तर बटणाच्या आत धूळ आहे. वायर हलविल्यावर आवाज जात-येत असेल तर दोष पिनेत किंवा वायरीत आहे. आणि फक्त खर्जाच्या तारा घरघरत असतील, तर स्पीकरकडे पाहावे.

ह्याशिवाय एक कारण मांडवात हमखास असते, ते म्हणजे कमी दाबाची वीज. रोषणाईच्या माळा, पंखे आणि अ‍ॅम्प्लिफायर हे सारे एकाच लांबलचक बारीक वायरीवर जोडले, की अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत २३० व्होल्ट पोचतच नाहीत. पुरवठा कमी म्हणजे छत खाली आले. मग डोके लवकर आपटणारच.

एवढी माहिती मिळाल्यावर मला पहिल्या वर्षी तर्कशास्त्रात शिकलेला एक भाग आठवला. जॉन स्टुअर्ट मिल ह्या इंग्रज तत्त्ववेत्त्याने १८४३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कार्यकारणसंबंध शोधण्याच्या पाच पद्धती दिल्या आहेत. परीक्षेसाठी मी त्या पाठ केल्या होत्या आणि परीक्षेनंतर विसरलो होतो. अण्णांना सांगितले, “मिलच्या पद्धतीने दोष सापडेल.” ते म्हणाले, “कुठची मिल रे? आमची तर पाडली.” मी समजावून सांगितल्यावर ते हसले, कोजागिरीनंतर प्रथमच हसले.

मिलची व्यतिरेक पद्धती अशी : दोन प्रसंग घ्यावेत. एकात कार्य घडते, दुसऱ्यात घडत नाही. बाकी सर्व परिस्थिती तंतोतंत सारखी असून केवळ एकच गोष्ट वेगळी असेल, तर ती गोष्ट त्या कार्याचे कारण होय, किंवा कारणाचा भाग होय. ‘केवळ एकच’ ह्या दोन शब्दांत सारे सार आहे. आता कोजागिरीचा निकाल तपासून पाहा. गिटार जोडल्यावर आवाज फाटला, मोबाईल जोडल्यावर फाटला नाही. म्हणून दोष गिटारवादकाचा. परंतु त्या रात्री दोन गोष्टी बदलल्या होत्या. गिटार जोडली होती माईकच्या भोकात आणि मोबाईल जोडला होता ‘ऑक्स’ असे लिहिलेल्या दुसऱ्याच भोकात. मला खटकत होते ते हेच.

डिसेंबरमध्ये एका रविवारी मंडळाच्या कार्यालयात आम्ही प्रयोग केला. अण्णा यायला तयार नव्हते. “नुसती तार छेडा, गाणे वाजवू नका,” असे सांगून त्यांना आणले. पहिल्याने कोजागिरीला होते तसेच सर्व जोडले. आवाज फाटला. मग तीच गिटार, तीच वायर, तोच अ‍ॅम्प्लिफायर, तोच स्पीकर आणि तोच वाजविणारा हात ठेवून फक्त पीन माईकच्या भोकातून काढून ऑक्समध्ये घातली. आवाज बारीक आला आणि थोडा मंद झाला, पण खरखर गेली. एकच गोष्ट बदलली आणि कार्य नाहीसे झाले. कारण सापडले.

ह्याचे स्पष्टीकरण सोपे आहे. माणूस माईकसमोर बोलतो तेव्हा माईकमधून जेमतेम काही मिलिव्होल्टची वीज येते. म्हणून माईकच्या भोकामागचा पहिला टप्पा फार नाजूक, कमी उंचीच्या छताचा बनविलेला असतो. गिटारच्या वेटोळ्यातून मात्र शंभर मिलिव्होल्ट, जोरात छेडल्यास त्याच्या कितीतरी पट वीज येते. शंभर पट उंच पाहुणा पोटमाळ्यावर चढविला तर काय होणार? आणि आवाजाचे बटण ह्या पहिल्या टप्प्याच्या नंतर असल्यामुळे ते कितीही कमी केले तरी उपयोग नसतो. माथा कापलेली लाटच लहान होऊन पुढे जाते.

परंतु प्रकरण इथे संपले नाही. ऑक्समध्ये घालूनही सर्वांत जाड तार छेडली की स्पीकरमधून घरघर येतच होती. मी निराश झालो. अण्णांनी माझ्याकडे पाहिले, ते “बघ, हातच,” अशा अर्थाने. तेव्हा मिलची आणखी एक पद्धती उपयोगी पडली. तिला अवशेष पद्धती म्हणतात. एखाद्या घटनेतला जो भाग ज्ञात कारणांनी समजतो तो वजा करावा. उरलेल्या भागाला उरलेले कारण असते. थोडक्यात, एक दोष सापडला म्हणून दुसरा नाहीच असे समजू नये.

अण्णांच्या गिटारची सर्वांत जाड तार खालच्या ‘ई’ सुरात लावलेली असते. ती सेकंदाला सुमारे ८२ वेळा हलते. मी गिटार काढून ठेवली आणि मोबाईलमधून ८२ कंपनांचा एकच साधा सूर ऑक्समध्ये सोडला. वाजविणारा हात आता मध्ये नव्हताच. घरघर तशीच! मग अ‍ॅम्प्लिफायर तोच ठेवून फक्त स्पीकर बदलला. घरघर गेली. कोजागिरीला सिनेमाच्या गाण्यात ही घरघर ऐकू आली नव्हती, कारण ढोलक, व्हायोलिन आणि गाणाऱ्याचा आवाज ह्यांच्या गर्दीत ती लपली होती. एकटा लांब सूर मात्र काही लपवीत नाही.

काकांच्या सांगण्याप्रमाणे यंत्र बंद करून, स्पीकरच्या कागदी शंकूवर मधोमध चारी बाजूंनी सारखी बोटे ठेवून तो हळूच आत दाबून पाहिला. ‘खस्स’ असा घासल्याचा आवाज आला. शंकूच्या मागे तारेची एक गुंडाळी असते आणि ती चुंबकाच्या अरुंद फटीत पुढे-मागे हलते. फटीत जागा कागदाच्या जाडीएवढीच. स्पीकर कधी पडला असेल किंवा पावसाळ्यात ओल धरली असेल, तर गुंडाळी एका बाजूला कलते आणि चुंबकाला घासते. खर्जाच्या सुरात शंकू अधिक लांब हलतो, म्हणून घासणेही तिथेच अधिक.

दोन्ही दोषांवरचे उपाय स्वस्त निघाले. स्पीकरचा शंकू आणि गुंडाळी काकांनी नवीन बसवून दिली. मी शिकवण्या घेतो, त्या पैशांत ते भागले. माईकच्या भोकासाठी त्यांनी खणातून दोन रेझिस्टर काढले, एक ४७० किलोओहमचा आणि दुसरा ४.७ किलोओहमचा. गिटारची वीज पहिल्या रेझिस्टरमधून आणायची, दुसरा तिथून जमिनीच्या तारेला जोडायचा आणि दोहोंच्या सांध्यावरून अ‍ॅम्प्लिफायरला न्यायची. म्हणजे तीनशे मिलिव्होल्टचे तीनच उरतात आणि माईकच्या भोकाला ते मानवतात. ऑक्समध्ये गिटारचा आवाज मंद होतो, कारण तो टप्पा गिटारच्या वेटोळ्यावर फार ओझे टाकतो आणि बारीक सूर खातो. ४७० किलोओहमच्या मागे गिटार मोकळी राहते. ऐपत असल्यास ह्याच कामासाठी तयार डी. आय. बॉक्स मिळतो. आमचे काम एका लहान पत्र्याच्या डबीत झाले.

इथे एक सूचना देणे माझे कर्तव्य आहे. मी पेटी उघडली नाही आणि वाचकांनीही अनुभवी माणूस शेजारी असल्याशिवाय उघडू नये. वायर भिंतीतून काढल्यानंतरही आतल्या मोठ्या कंडेन्सरांत वीज साठून राहते. व्हॉल्व्हच्या यंत्रात तर तीनशे-चारशे व्होल्ट असतात. ते जीव घेऊ शकतात. व्हॉल्व्हचे यंत्र स्पीकर न जोडता चालवूही नये. त्याचा ट्रान्सफॉर्मर जळण्याची भीती असते. काकांच्या दुकानात दुरुस्त केलेले यंत्र पहिल्यांदा चालू करताना मध्ये शंभर वॅटचा साधा दिवा एकसरीत जोडतात. आत कुठे शॉर्ट असेल तर दिवा भडक पेटतो आणि यंत्र वाचते. सगळे ठीक असेल तर दिवा क्षणभर उजळून मंद होतो. ही युक्ती मला एखाद्या सुभाषितासारखी वाटली. जळायचेच असेल तर आधी दिवा जळो.

एक प्रश्न मात्र माझ्या मनात राहिला होता. चाळीस-पन्नास वर्षे वाद्य वाजविणाऱ्या अण्णांना हा दोष त्या रात्री स्वतःच्या कानांनी का कळला नाही? त्याचे उत्तर अ‍ॅम्प्लिफायरमध्ये नाही. साचेखात्यात शेकडो साचे एकाच वेळी धडधडत. तिथला आवाज ९० डेसिबलच्या वर असे. वर्षानुवर्षे अशा आवाजात काम केले की कानांची शक्ती जाते आणि प्रथम जाते ती बारीक, उंच सुरांची. सेकंदाला चार हजार कंपनांच्या आसपासची. फाटक्या आवाजातली खरखर नेमकी ह्याच उंच सुरांची असते. तेव्हा अण्णांना त्या रात्री खरखर फारशी ऐकूच आली नाही. त्यांना दिसले ते फक्त आमचे चेहरे. आणि आमच्या चेहऱ्यांवर जो निकाल होता, तो त्यांनी खरा मानला. जे यंत्राचे होते ते त्यांनी आपल्या हातावर घेतले. मला वाटते, संपानंतर त्यांच्या पिढीने बऱ्याच गोष्टी अशाच आपल्या माथ्यावर घेतल्या.

माघी गणपतीला चाळीच्या अंगणात अण्णांनी चार गाणी वाजविली. आवाजाचे बटण अर्ध्यावरही नव्हते. साफ आवाज असला की मोठा करावा लागत नाही आणि रात्री दहाच्या आत कार्यक्रम संपविला की कोणाची तक्रारही येत नाही. लांब सुरांवर त्यांचा हात किंचित कापतो. सूर हलतो. ते आता सर्वांना स्वच्छ ऐकू आले आणि त्याचे कोणाला काही वाटले नाही. चौथ्या गाण्यानंतर एका काकूंनी पाचवे मागितले. अण्णांनी माझ्याकडे पाहून विचारले, “फाटतोय काय रे?” मी मान हलवून नाही म्हटले. त्यांनी पाचवे सुरू केले.

मित्रहो, माझ्या घरात कॉलेजात येणारा मी पहिलाच. इथे जे शिकतो त्याचा घरी काय उपयोग, असा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो आणि बहुतेक वेळा माझ्याकडे उत्तर नसते. ह्या वेळी ते होते. लॅमिंग्टन रोडच्या काकांनी मिलचे नाव ऐकलेले नाही आणि तर्कशास्त्राच्या पुस्तकात अ‍ॅम्प्लिफायर नाही. तरी दोघे एकच गोष्ट सांगतात. एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकी सारे जसेच्या तसे ठेवा आणि मग ऐका. पुढच्या वेळी मांडवात आवाज फाटला तर वाजविणाऱ्याकडे किंवा गाणाऱ्याकडे पाहण्यापूर्वी पीन कोणत्या भोकात आहे तेवढे जरूर पाहा.